दादाच्या पोटातलं माझं लिव्हर

माझा दादा एसटीत कंडक्टर. पाथर्डी डेपोत त्याच्या नोकरीची बरीच वर्षं गेली, आणि तीही बहुतेक एकाच रस्त्यावर, पाथर्डी ते नगर आणि नगर ते पाथर्डी. मी लग्न होऊन नगरला सावेडीत आले, तेव्हापासून आमची भेट स्टँडवरच जास्त व्हायची. त्याची गाडी लागली की मी स्कूटीवर जायची. तो उभ्या उभ्या चहा प्यायचा, गावाकडून आणलेली बाजरी नाहीतर शेंगा माझ्या हवाली करायचा आणि परत गाडीत चढायचा. अंगानं उंच, रुंद, आवाज मोठा. भरल्या गाडीत तो नुसता "चला, पुढं सरका" म्हणाला तरी माणसं सरकायची. त्याच्यापुढं मी अगदीच किरकोळ. त्यानं मला नावानं कधी हाक मारली नाही. लहानपणापासून तो मला बारकी म्हणतो.

एका दुपारी करंजी घाटात त्याला गाडीतच रक्ताची उलटी झाली. ड्रायव्हरनं मधला एकही थांबा न घेता गाडी थेट नगरच्या दवाखान्याच्या दारात आणून उभी केली. वाटेतल्या गावांना उतरणारी माणसं होती गाडीत, पण कुणी थांबवायला सांगितलं नाही. हे त्या ड्रायव्हरनंच मला नंतर सांगितलं.

दुर्बिणीतून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बांधल्या, रक्त थांबलं. मग तपासण्या झाल्या आणि कळलं की दादाचं लिव्हर आक्रसून कडक झालंय. हिपॅटायटिस बीचा विषाणू कित्येक वर्षं त्याच्या रक्तात होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. पाय सुजायचे, त्याला वाटायचं दिवसभर उभं राहिल्यानं सुजतात. पोट वाढलं, त्याला वाटलं वय झालं.

दादानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण लिव्हर खराब म्हटलं की माणसांना एकच प्रश्न सुचतो. वहिनींना गिरणीत, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात बायका जवळ सरकून विचारायच्या, "किती दिसांपासनं घेत हुते?" वहिनी आधी सांगत बसायच्या, मग नुसती मान हलवायच्या, आणि शेवटी त्यांनी बाहेर जाणंच कमी केलं. दळण माझी भाची, दादाची मुलगी, आणायला लागली.

माझं आणि वहिनींचं तेव्हा फारसं काही नव्हतं. भांडण असं कधीच झालं नाही. पण त्या मोजकं बोलणाऱ्या आणि मी बडबडी, त्यामुळे दोघींनाही एकमेकींजवळ अवघडल्यासारखं व्हायचं. सणासुदीला फोन, त्यात तब्येतीची चौकशी, की झालं.

वर्षभर औषधांवर निघालं. मग पोटात पाणी भरायला लागलं, काढलं की पुन्हा भरायचं. पुण्याच्या दवाखान्यातल्या लिव्हरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, आता दुसरं लिव्हर बसवावं लागेल, घरातलं कोणी देऊ शकतं का बघा. वहिनींना शुगर, म्हणून त्यांचं नाव पहिल्याच तपासणीत बाद झालं. भाची नुकतीच कॉलेजला गेलेली, ती तयार होती. दादानं तिला समोर बसवलं आणि म्हणाला, "तुझ्या अंगाला चाकू लागनार आसंल तर मला हितंच राहू दी."

मला हे वहिनींनी फोनवर सांगितलं. मी ब्लाउज शिवते, घरातच माझं दुकान आहे. फोन स्पीकरवर टाकून मी बाही जोडत होते. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "माझा रक्तगट तोच आहे." वहिनींनी मला ते परत एकदा म्हणायला लावलं.

माझा नवरा एमआयडीसीत स्टोअर सांभाळतो. शांत माणूस. त्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. जेवण संपवून, ताट धुऊन तो म्हणाला, "तुला काही होणार नाही, हे मला त्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय." तो पुण्याला आला, समोर बसून त्यानं सगळं विचारलं. डॉक्टरबाईंनी काही होणारच नाही असं सांगितलं नाही. धोका किती, कसा, काय काय होऊ शकतं, ते सांगितलं. येताना गाडीत तो म्हणाला, "खोटं बोलल्या नाहीत त्या. दे तू."

दादाच तयार होईना. "बारकी ती. तिच्यात हाय किती, अन् त्यातलं मला देनार किती?" पुढं अवयव द्यायला परवानगी देणाऱ्या समितीसमोर आम्हाला बसवलं, कॅमेरा लावला आणि मला विचारलं, तुमच्यावर कोणी जबरदस्ती केली आहे का? मी म्हटलं, "भाऊच नको म्हणतोय. जबरदस्ती मीच करतेय." समितीतले एक गृहस्थ हसले, पण त्यांनी प्रश्न परत एकदा विचारला आणि मला सरळ उत्तर द्यायला लावलं. शेवटी दादानंही कुरकुरत सही केली.

स्कॅनवरून मोजमाप झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमचा उजवा भाग त्यांच्या अंगाच्या मानानं काठावर आहे. चालेल. लिव्हर वाढतं, तुमच्यातलंही आणि त्यांच्यातलंही. पण सुरुवातीला त्याला जड जाऊ शकतं, हे लक्षात असू द्या." आम्ही सगळ्यांनी त्यातला "चालेल" एवढाच शब्द घरी नेला.

ऑपरेशनला नेताना आम्हा दोघांचे स्ट्रेचर थोडा वेळ शेजारी शेजारी होते. दादाचा चेहरा हळदीसारखा पिवळा, डोळे तर त्याहून. तो म्हणाला, "भीती वाटती का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मला वाटती." मग मला घेऊन गेले.

शुद्धीवर आले तेव्हा पोटावर कुणीतरी जातं ठेवलंय असं वाटत होतं. दादाचं विचारलं. नर्स म्हणाली, व्यवस्थित झालं. नवरा म्हणाला, व्यवस्थित झालं. मी परत झोपले. मला वॉर्डात आणलं, नळ्या एकेक करून निघाल्या, मला धरून चालवायला लागले. रोज रक्त घ्यायचे आणि रोज सांगायचे की तुमचे रिपोर्ट छान येत आहेत. माझ्या पोटात उरलेलं लिव्हर जोमानं काम करत होतं.

वहिनी दिवसातून दोनदा यायच्या. बाकीचा वेळ त्या खाली, आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यांवर. माझ्याकडं आल्या की न विचारता माझे केस विंचरायच्या, पेज चमच्यानं भरवायच्या, पायाला तेल लावायच्या. मला त्याचंच नवल वाटायचं. दादा कसा आहे विचारलं की म्हणायच्या, "हायेत. झोपल्यात." केस विंचरताना त्या मागं उभ्या असायच्या, त्यामुळे तोंड दिसायचं नाही.

मला खरं कळलं ते व्हरांड्यात. भिंतीचा आधार घेत चालत होते. दुसऱ्या एका पेशंटचे म्हातारे वडील बाकावर बसलेले. आयसीयूबाहेर सगळे नातेवाईक एकत्रच बसतात, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला ठाऊक असतं. ते मायेनं म्हणाले, "पोरी, तू स्वतःला जप. तुझ्या भावाचं लिव्हर अजून उठलं नाही म्हणत्यात, पण उठंल. काहींना वेळ लागतो."

मी तशीच खोलीत परतले. नवऱ्याला विचारलं. त्याला खोटं बोलता येत नाही. त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं. ऑपरेशन नीट झालं होतं. पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. पण कावीळ उतरायची ती उतरेना, उलट चढायला लागली. पोटातल्या नळीतून पाणी सारखं येत होतं, पिशवीमागून पिशवी भरत होती. रक्त गोठायला हवं तसं गोठत नव्हतं. आणि दादाला गुंगी यायला लागली होती. तिथले डॉक्टर माझ्या तुकड्याला ग्राफ्ट म्हणायचे. ग्राफ्ट नीट काम करत नाही, असं त्यांनी घरच्यांना सांगून झालं होतं. मला सांगायचं नाही असं या लोकांनी ठरवलं होतं.

मला आधी राग आला तो त्या तुकड्याचा. माझ्या पोटात इतकी वर्षं मुकाट्यानं राबला आणि तिथं जाऊन बसून राहिला. मग वाटलं, राग कुणावर करतेय मी, ते माझंच ना. दादाच म्हणत होता, बारकीच्यात आहे किती.

संध्याकाळी वहिनी आल्या आणि कंगवा घेऊन मागं जायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, पुढं बसा. मला का नाही सांगितलं?"

त्या कंगवा हातात धरून उभ्या राहिल्या. "काय सांगायचं हुतं? तुमाला आर्धं कापून काढलंय. आन् वर मी येऊन सांगू का, तुमचं देनं लागू पडंना म्हनून?"

"मला कळायला नको?"

"कळून तुमी रडल्या आसत्या. रडलं की टाकं वढत्यात. बाजूच्या खोलीतल्या बाईचं बघितलंय मी."

वहिनी पायथ्याशी बसल्या. म्हणाल्या, "तुमी सोताला बोल लावताल, ह्येची भीती वाटली मला. आवं, मी तर रोज लावती. मला शुगर नसती तर तुमच्यावर ही येळच आली नसती. मी चांगली थोराड हाय. माझं पुरलं आसतं त्यान्ला."

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी एका दमात एवढं कधी बोलल्या नव्हत्या. मी त्यांचा हात धरला. टाके ओढायचे ते ओढलेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई राउंडला आल्या तेव्हा मी विचारलं, "माझ्या लिव्हरमध्ये काही खोट होती का?"

त्या खुर्ची घेऊन बसल्या. "खोट नाही. त्यांच्या जुन्या आजारानं पोटातल्या शिरांमधला दाब खूप वाढलेला आहे. पूर्ण लिव्हरसाठीचं रक्त सगळं या लहान भागावर येऊन पडतंय. तो लोंढा त्याला झेपत नाही. सूज आली आहे, म्हणून काम मंद आहे. रोज सोनोग्राफीनं बघतोय, रक्तवाहिन्या सगळ्या उघड्या आहेत. ही मोठी जमेची बाजू आहे."

"आणि नाहीच झेपलं तर?"

त्यांनी नजर चुकवली नाही. "तर दुसरं लिव्हर लागेल. एखाद्या मृत व्यक्तीच्या घरच्यांनी दिलेलं. तातडीच्या यादीत नाव घालायची तयारी आम्ही ठेवली आहे. पण अजून ती वेळ आलेली नाही. आज एक उपाय करणार आहोत."

उपाय असा होता की जांघेतून बारीक नळी घालून प्लीहेकडं जाणारी रक्तवाहिनी बुजवून टाकायची. दादाची प्लीहा आजारानं सुजून मोठी झाली होती, तिथून लिव्हरकडं रक्ताचा मोठा ओघ यायचा. तो कमी झाला की लिव्हरवरचा भार हलका होईल.

त्या गेल्यावर माझ्या मनात एकच घोळत राहिलं. दुसरं लिव्हर बसवलं तर माझं काढून कुठं ठेवतील? मी नवऱ्याला विचारलं, "टाकून देतील ना?" तो मला संत्रं सोलून देत होता. म्हणाला, "ते आहे तिथंच आहे अजून. तू खा."

उपाय झाल्यावर मला व्हीलचेअरवर आयसीयूत नेलं. अंगात गाऊन, तोंडाला मास्क. दादाला पाहून मी ओळखलंच नाही. अंग सुजलेलं, रंग मळकट पिवळा, ओठ कोरडे. डोळे अर्धवट उघडे होते आणि उजव्या हाताची बोटं सारखी हलत होती, डाव्या तळहातावर काहीतरी दाबत होती. नर्स म्हणाली, "सकाळपासून असंच चाललंय." मला लगेच समजलं. तो तिकिटाचं मशीन दाबत होता.

"बोला," तो म्हणाला. आवाज अगदी खोल गेलेला. "भिंगार, मेहेकरी, करंजी, तिसगाव. बोला कुठं."

वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. नर्स मला म्हणाली, बोला त्यांच्याशी, बोललेलं चांगलं. मी म्हटलं, "तिसगाव एक."

त्याची बोटं थांबली. त्यानं डोळे माझ्याकडं वळवले, पण ओळख दिसली नाही. मास्क होता, शिवाय तो बराच लांबून बघत असल्यासारखा. "फुल का हाफ?"

"फुल."

तो बघत राहिला. मग म्हणाला, "हाफच हाय. बारकी हाय ती," आणि तळहातावर बोट दाबलं.

ओळखलं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही. मी त्याची बोटं हातात धरली. ती गरम होती. तो परत झोपला आणि मला बाहेर आणलं.

त्यानंतरचे दिवस आम्ही पिशवीवर जगलो. नळीतून पाणी किती आलं, एवढीच बातमी. वहिनींनी मोहट्याच्या देवीला काहीतरी बोलून ठेवलं होतं, काय ते त्यांनी मला सांगितलं नाही. नवरा नगरला जाऊन दोन दिवस कामावर हजर राहून परत आला. मला घरी सोडायची वेळ झाली तेव्हा मी पाथर्डीला नाही आणि सावेडीलाही नाही, दवाखान्याजवळ वहिनींनी घेतलेल्या खोलीवर गेले. माझ्याच्यानं जाववेना.

एका सकाळी वहिनी आयसीयूतून खोलीवर आल्या, चपला न काढता दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पिशवी निम्मी हाय आज." आवाजात काही नव्हतं, जणू दूध कमी आलं असं सांगत होत्या. पण त्यानंतर त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

पुढच्या दिवशी आणखी कमी. मग काविळीचा आकडा थांबला, एक दिवस तिथंच राहिला आणि उतरायला लागला. डॉक्टरबाई रोज तेच सांगायच्या, "घाई करू नका. पण दिशा बरोबर आहे." गुंगी सरत गेली. दादाला वार विचारला की आधी तो चिडायचा, मग चुकीचा सांगायचा, आणि एके दिवशी त्यानं बरोबर सांगून वर नर्सला विचारलं की तिला कुठल्या गावाला जायचं असतं.

मी त्याला शुद्धीत भेटले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. डोळ्यांचं पांढरं थोडं थोडं पांढरं दिसत होतं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"बारके, लई वाळलीस."

"तू पण."

"माझं न्यारं हाय." तो थांबला. त्याला पटकन दम लागायचा. "त्वा दिलेलं चालंना म्हने. हिनं सांगितलं."

मी वहिनींकडं पाहिलं. माझ्यापासून लपवलं आणि त्याला मात्र सांगून टाकलं होतं.

"आता चालतंय," मी म्हटलं.

"मी बी नवीन गाडीवर गेलो की चार दिस घाबरतोच," तो म्हणाला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. पण तो मिटल्या डोळ्यांनीच रडत होता. मी टिश्यूनं पुसलं. त्यानं मला पुसू दिलं.

तिकिटाची गोष्ट मी त्याला फार नंतर सांगितली. त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "हाफ देताना आधार कार्ड बघितलं न्हाई का म्या?"

दादा-वहिनी पुण्यात काही महिने राहिले. मास्क, उकळलेलं पाणी, गोळ्यांच्या वेळा, रोज ताप बघणं. मधेच एकदा ताप आला आणि पुन्हा ॲडमिट करावं लागलं, पण ते निभावलं. पाथर्डीला परतल्यावर माणसं बघायला यायची, तर वहिनींनी दारातच खुर्ची टाकली आणि शिंकणाऱ्या, खोकणाऱ्या सगळ्यांना तिथूनच परत पाठवलं. त्यात दादाचे सख्खे चुलतेही होते. ते रुसले. वहिनींनी रुसू दिलं.

डेपोत त्याला आता टेबलाचं काम दिलंय. ते त्याला आवडत नाही. गाडी सुटताना तो खिडकीतून बघत बसतो, असं त्याचा जुना ड्रायव्हर मला सांगतो. गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, आणि तो विषाणू परत येऊ नये म्हणून एक वेगळी. वजन पूर्वीइतकं भरलं नाही. आवाज मात्र आला.

मधे तपासणीला आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो. डॉक्टरबाईंनी संगणकावर दोन्ही चित्रं शेजारी लावली. माझ्यातलं राहिलेलं आणि त्याच्यातलं गेलेलं, दोन्ही वाढली होती. त्याच्यातलं जास्त. वहिनी चष्मा लावून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ह्ये एवढं त्यान्ला पुरतंय का आता?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरतंय." वहिनींनी परत विचारलं, "नक्की?" मग त्या चष्मा काढून मागं येऊन बसल्या.

परतताना ते सावेडीला आमच्याकडं जेवायला थांबले. दादा जेवून आतल्या खोलीत आडवा झाला. वहिनी माझ्याजवळ स्वयंपाकघरात होत्या, भांडी पुसत. त्या दोनदा आत डोकावून आल्या. तिसऱ्यांदा मी ऐकलं, त्या त्याला हलवून उठवत होत्या. तो वैतागून म्हणाला, "आगं जित्ता हाय, झोपू दी की." वहिनी परत येऊन भांडी पुसायला लागल्या. माझा नवराही मला असाच मधेच हाक मारून बघायचा, ऑपरेशननंतर कित्येक महिने.

आता वहिनींचा फोन आला की मी घड्याळ बघत नाही. भाचीनं नर्सिंगला जायचं ठरवलंय, दादाला ते मंजूर नाही आणि वहिनींना आहे. काल त्या त्याबद्दलच बोलत होत्या. मी विचारलं, "दादा काय म्हणतो?"

"म्हनायचं त्ये म्हनूंद्या," वहिनी म्हणाल्या. "तुमी फकस्त रविवारी या. मी एकटी पडती बोलायला."

मी येते म्हणाले.